जुन्या गाडीचे स्ट्रट बदलण्याआधी

स्ट्रट म्हणजे चाकाजवळ, स्प्रिंगच्या मधोमध उभा बसणारा शॉकॲब्सॉर्बर. सगळ्यात आधी जुने स्ट्रट खरोखरच गेलेत का, हे बघा. खड्ड्यात पुढून ‘खट्ट’ वाजलं की ‘शॉकॲब्सॉर्बर गेले’ असा निकाल लगेच लागतो. पण तो आवाज पुष्कळदा गाडीचं कलणं आवरणाऱ्या स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडचा, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशचा नाहीतर बॉल जॉइंटचा असतो, आणि हे भाग स्ट्रटपेक्षा कितीतरी स्वस्तात बदलून होतात. स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग ‘टण्ण’ करून सुटल्यासारखी वाजत असेल तर संशय स्ट्रटच्या वरच्या टोकाच्या बेअरिंगवर घ्या. स्ट्रटच्या दांड्याखाली तेलाचा पुसटसा थर आणि त्यावर धूळ दिसली तर घाबरू नका. तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल तर मात्र सील गेलं. टायरवरून हात फिरवा. थोड्याथोड्या अंतरावर उंचसखल चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही असा अर्थ निघू शकतो, पण बिघडलेल्या बॅलन्सिंगनेही असेच चट्टे पडतात. बोनेट दाबून सोडायची जुनी परीक्षा अगदी निकामी झालेला स्ट्रट पकडते. अर्धा थकलेला तिच्यात सहज पास होतो.

मग टेप घ्या. गाडी सपाट जागी, टायरमध्ये हवा बरोबर, आत सामान नाही, अशा स्थितीत प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि चारही आकडे लिहून ठेवा. याचं कारण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पैसे इथेच वाया जातात. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. स्ट्रटमधला डँपर फक्त तिचं हेलकावणं आवरतो. गाडी खाली बसली म्हणून नवे स्ट्रट घातले आणि स्प्रिंग जुनीच ठेवली, तर गाडी जवळपास तेवढीच खाली राहते. गॅसच्या दाबाने झालाच तर किंचित फरक होतो. डाव्या-उजव्या बाजूच्या आकड्यांत ठळक तफावत असेल तर स्प्रिंग खचलेली किंवा तुटलेली असण्याची शक्यता मोठी. तुटते ती बहुधा अगदी टोकाच्या वेढ्यात, खालच्या बैठकीत लपलेली, त्यामुळे टॉर्च मारून, चिखल पुसून बघावं लागतं. स्प्रिंग घ्यावी लागलीच तर तीही जोडीनेच घ्या.

सुटा भाग मागवताना मॉडेलचं नाव आणि साल पुरत नाही. चासी नंबर, गाडी बनल्याचा महिना, इंजिन आणि गिअरबॉक्सचा प्रकार हाताशी ठेवा. डिझेल इंजिन सहसा जड, म्हणून एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीला वेगळी स्प्रिंग आणि कधी वेगळा स्ट्रट असू शकतो. पुढचे डावे-उजवे स्ट्रट बऱ्याच गाड्यांत वेगळे असतात. ब्रेकच्या होजचा ब्रॅकेट, एबीएसच्या वायरची क्लिप आणि लिंक रॉडचं भोक कुठे आहे, याचे जुन्या स्ट्रटचे फोटो काढून ठेवा आणि खोका उघडल्यावर ताडून बघा. वायर जोडलेला, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा स्ट्रट असेल तर साधा बसवण्याआधी दहादा विचार करा. डॅशबोर्डवर दिवा लागून बसतो.

प्रकार कोणता घ्यायचा? इथे माझं मत सरळ आहे: मूळ कंपनीच्या जातीचा, ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा), कमी दाबाच्या गॅसचा. एकाच नळीचा मोनोट्यूब उष्णता लवकर बाहेर टाकतो, सतत वेगाने हाकल्या जाणाऱ्या गाडीला तो शोभतो. पण बारा-पंधरा वर्षं जुन्या, बुश थकलेल्या गाडीत कडक डँपर घातला की रस्त्याचा प्रत्येक सांधा पाठीला जाणवतो. शिवाय ज्या मांडणीत असे स्ट्रट असतात त्या मॅकफर्सन मांडणीत स्ट्रट हा नुसता डँपर नाही. अर्ल मॅकफर्सनने ती विकसित केली आणि 1950 सालच्या फोर्ड कॉन्सलपासून ती सर्वसामान्य गाड्यांत रुळू लागली. तिच्यात चाक उभं धरून ठेवायचं कामही स्ट्रटचंच. म्हणून स्ट्रट वाकलेला असेल तर टायर एका बाजूने झिजतो, मग तेल गळो वा न गळो.

नुसता स्ट्रट घ्यायचा की स्प्रिंग आणि माउंटिंग (स्ट्रटचं वरचं टोक गाडीला जोडणारा रबरी भाग) यांच्यासकट तयार जोडणी, हा पुढचा प्रश्न. तयार जोडणीत स्प्रिंग दाबायची जोखीम उरत नाही आणि वेळ वाचतो. पण तिच्यातली स्प्रिंग कधीकधी एकाहून जास्त व्हेरिएंटना चालावी अशी निवडलेली असते, म्हणजे उंची बदलू शकते. मूळ स्प्रिंग धडधाकट असेल तर मी नुसता स्ट्रट घेईन आणि वाचलेले पैसे वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर (स्ट्रट पूर्ण दबला की धक्का झेलणारं रबर) आणि डस्ट कव्हरवर घालीन. खरं तर यादीतली ही चार नावंच सगळ्यात आधी लिहा. जुनं, चिरलेलं माउंटिंग नव्या स्ट्रटवर चढवलं की आवाज तसाच राहतो, आणि मग तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं. एका ॲक्सलचे दोन्ही स्ट्रट एकत्रच बदला. मागचे चांगले असतील तर राहू द्या.

कामाच्या आदल्या दिवशी गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा. स्ट्रटच्या खालच्या बोल्टपैकी एखादा कँबर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, जुळवण्याचा असेल तर सोडण्याआधी त्यावर खूण करा. नवे लॉक नट आणा, जुने परत वापरू नका. स्प्रिंग दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर चांगला नसेल तर हे काम घरी करूच नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतते. गॅरेजला द्यायचं असेल तर आधीच बजावा: दांडा पकडीने धरायचा नाही, त्याच्या चकाकीवर ओरखडा पडला की सील गेलंच, वरचा नट इम्पॅक्ट गनने ताणायचा नाही, आणि चाक ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवायचं नाही. ट्विन-ट्यूब स्ट्रट आडवे पडून आलेले असतात, म्हणून बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून त्यांच्यातली हवा काढायची. लोअर आर्मचे बुश सोडले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे.

अलाइनमेंटची वेळ त्याच दिवसाची घेऊन ठेवा. टायरवर चट्टे पडलेले असतील तर घूंघूं आवाज त्यानंतरही येत राहील. तो टायरचा आहे, त्यासाठी स्ट्रट परत उघडायला लावू नका. थोडे दिवस गाडी चालवून झाली की टेप परत काढा आणि चारही आकडे जुन्या नोंदीशी ताडून बघा.