एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआय : रुग्णालयात जाण्यापूर्वीची तयारी

सामुदायिक रुग्णालयात सहसा एक्स-रे आणि सोनोग्राफीची सोय असते. सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) किंवा हाडांच्या घनतेची तपासणी मात्र प्रत्येक ठिकाणी किंवा दररोज होतेच असे नाही. त्यामुळे भेटीची वेळ घेतानाच कोणती तपासणी कधी होते, उपाशी यायचे का आणि रिपोर्ट केव्हा मिळेल, हे विचारून घ्यावे.

सर्वांत आधी डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचावी. ‘पोटाची सोनोग्राफी’ एवढेच लिहिलेले असेल, तर तपासणाऱ्याला नेमके काय शोधायचे हे कळत नाही. ‘जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखते, पित्ताशयात खडे आहेत का?’ असे लिहिलेले असेल, तर त्याची नजर प्रथम तिथे जाते. चिठ्ठीत असा प्रश्न नसल्यास तो लिहून मागण्यात संकोच बाळगू नये. गरोदरपणाची शक्यता, मूत्रपिंडाचा आजार, पूर्वी एखाद्या औषधाची आलेली ॲलर्जी आणि शरीरात बसवलेली कोणतीही धातूची वस्तू, या चार गोष्टी कोणी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगाव्यात.

एक्स-रेला फारशी तयारी लागत नाही. तपासायच्या भागावरील दागिने, पिना आणि धातूची बटणे काढावीत, कारण त्यांची सावली प्रतिमेत उमटते. छातीच्या एक्स-रेच्या वेळी खोल श्वास घेऊन रोखायला सांगतात. फुप्फुसे पूर्ण फुगलेली असली की त्यांतील बदल स्पष्ट दिसतात, म्हणून ही सूचना मनापासून पाळावी.

सोनोग्राफीत मात्र तयारीवर बरेच अवलंबून असते. वरच्या पोटाच्या तपासणीसाठी साधारण 6 ते 8 तास उपाशी राहायला सांगतात, कारण अन्न पोटात गेले की पित्ताशय आकुंचन पावते आणि त्यातील खडे शोधणे अवघड होते. ओटीपोटाच्या तपासणीसाठी उलट मूत्राशय भरलेले लागते. ते भरले की आतडी बाजूला सरकतात आणि मागचे अवयव दिसू लागतात. म्हणून सुमारे तासभर आधी पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते. दोन्ही तपासण्या एकाच दिवशी असतील, तर उपाशी असताना पाणी चालेल का, हे आधी विचारावे. नेमक्या याच ठिकाणी अनेकांचा गोंधळ होतो आणि परत यावे लागते. त्वचेवर लावले जाणारे थंड जेल केवळ यंत्राचा भाग आणि त्वचा यांच्यामधली हवा घालवण्यासाठी असते, कारण ध्वनिलहरी हवेतून नीट पुढे जात नाहीत.

सीटी स्कॅनमध्येही क्ष-किरणच वापरतात, मात्र ते अनेक कोनांतून सोडून संगणक शरीराचे पातळ छेद तयार करतो. काही वेळा शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे अवयव प्रतिमेत उठून दिसावेत यासाठीचे द्रव, देतात. त्या वेळी अंगभर ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. हे क्षणिक असते, घाबरण्याचे कारण नाही. खाज, पुरळ किंवा श्वासाला त्रास जाणवला तर मात्र लगेच सांगावे. कॉन्ट्रास्टपूर्वी विशेषतः मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करते का हे दाखवणारा घटक) तपासून घेण्यास सांगितले जाते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी ही गोष्ट आवर्जून सांगावी. ती गोळी थांबवायची की नाही हे मूत्रपिंडाच्या कार्यावर ठरते, त्यामुळे स्वतःच्या मनाने बंद करू नये. मासे किंवा कोळंबीची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी, हा समज चिवट असला तरी चुकीचा आहे.

किरणांच्या मात्रेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. छातीच्या एका एक्स-रेत साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) किंवा त्याहून कमी मात्रा मिळते, तर पोटाच्या सीटीत ती बहुधा 8 ते 10 मिलिसिव्हर्टच्या आसपास असते. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. आवश्यक सीटी भीतीपोटी टाळणे आणि ‘एकदा सगळे तपासून टाका’ असा आग्रह धरणे, हे दोन्ही मला सारखेच अयोग्य वाटते. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असे किरण नसतात.

एमआरआयमध्ये खरा धोका धातूचा असतो, कारण त्याच्या यंत्रातील शक्तिशाली चुंबक सतत चालू असतो. रुग्ण आत नसतानाही. पेसमेकर, ऐकू येण्यासाठी कानात बसवलेले कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूच्या रक्तवाहिनीवरील क्लिप किंवा कधीकाळी डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण असल्यास दाराबाहेरच सांगावे. काही पेसमेकर एमआरआयला चालतात, म्हणून त्याचे कार्ड सोबत न्यावे. तपासणीला बहुधा 20 ते 45 मिनिटे लागतात आणि यंत्र ठोकल्यासारखा मोठा आवाज करते. त्यासाठी कानात घालायला बोळे किंवा हेडफोन देतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर आदल्या दिवशीच कळवावे. आत गेल्यावर घुसमट झाली तर इशाऱ्यासाठी हातात दिलेला चेंडू दाबावा, तंत्रज्ञ तपासणी थांबवतात.

मॅमोग्राफीला जाताना काखेत डिओडरंट किंवा पावडर लावू नये, कारण तिचे कण दोषासारखे दिसू शकतात. शक्य असल्यास पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात वेळ घ्यावी. त्या काळात स्तन कमी दुखतात.

तपासणी संपल्यावर तंत्रज्ञाला ‘काय निघाले?’ असे विचारण्याचा मोह होतो, पण अर्थ लावण्याचे काम रेडिओलॉजिस्टचे, म्हणजे या प्रतिमा वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचे, असते आणि तंत्रज्ञाने काही न सांगणे हे वाईट बातमीचे लक्षण नसते. लेखी रिपोर्टबरोबर प्रतिमाही फिल्म, सीडी किंवा डिजिटल स्वरूपात मागून घ्याव्यात आणि पुढच्या तपासणीला जुन्या प्रतिमा घेऊन जाव्यात. फुप्फुसातील एखादी गाठ गेली दोन वर्षे तेवढीच आहे की नव्याने वाढली, हे जुन्या प्रतिमेशेजारी नवी ठेवल्यावरच कळते.