अमेरिकी मालवाहू वैमानिकांचे पगार ताडून कसे पाहावेत

अमेरिकेतील मालवाहू विमान कंपन्यांच्या पगारांची तुलना करणारे बहुतेक जण ताशी दराशीच थांबतात, आणि तो आकडा एकटा घेतला तर फारच थोडे सांगतो. आधी वैमानिकाचा खरा मालक कोण, हे शोधावे. खोक्यावर ॲमेझॉनचे नाव असले, तरी ते विमान एअर ट्रान्सपोर्ट इंटरनॅशनल या कंत्राटदार कंपनीचा वैमानिक चालवत असू शकतो. फेडएक्सच्या रंगातील छोटी सेसना कॅराव्हॅन विमानेही कंत्राटदार कंपन्यांकडे असतात आणि फेडएक्सच्या वैमानिकांचा वेतनकरार त्यांच्या चालकांना लागू होत नाही. पगारातील मोठी दरी नेमकी इथे दिसते, कारण दुसऱ्यासाठी उड्डाणे करणाऱ्या कंपनीला काम टिकवायचे तर दर कमी ठेवावा लागतो, आणि ग्राहक उद्या दुसरीकडे जाईल या भीतीचा भार तिथल्या युनियनच्या प्रत्येक मागणीवर पडतो.

मालक निश्चित झाला की प्रतिनिधी संघटना पाहावी. यूपीएस या फेडएक्ससारख्याच पार्सल कंपनीच्या वैमानिकांची इंडिपेंडंट पायलट्स असोसिएशन ही त्या एका कंपनीपुरती संघटना आहे, तर फेडएक्सचे वैमानिक अनेक कंपन्यांत पसरलेल्या एअर लाइन पायलट्स असोसिएशनचे सभासद आहेत. एका कंपनीतील सर्व वैमानिकांच्या वतीने एकच संघटना बोलते, हा नियम रेल्वे लेबर ॲक्टचा. 1926 चा हा कायदा 1936 मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला.

याच कायद्यामुळे कराराची तारीख महत्त्वाची ठरते. इथे करार मुदत संपताच रद्द होत नाही, तर दुरुस्तीसाठी खुला होतो, आणि नवा करार होईपर्यंत जुनेच दर चालू राहतात. संपावर जायचे तर आधी नॅशनल मिडिएशन बोर्ड या सरकारी मध्यस्थ संस्थेने मध्यस्थी थांबवून दोन्ही पक्षांना मोकळे करावे लागते आणि त्यानंतर तीस दिवस थांबावे लागते. त्यामुळे वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळू शकतात. फेडएक्सचा करार नोव्हेंबर 2021 मध्ये दुरुस्तीसाठी खुला झाला, आणि जुलै 2023 मध्ये तात्पुरता मसुदा मतदानाला आला तेव्हा वैमानिकांनी तो 57 टक्के मतांनी फेटाळला. म्हणून एका कंपनीचा ताजा दर दुसरीच्या रखडलेल्या दराशेजारी मांडला, तर दिसणारा फरक निम्मा कॅलेंडरचाच असू शकतो.

आता हिशेब. ताशी दराला हमी दिलेल्या किमान तासांनी गुणावे, पण ही हमी ज्या कालावधीसाठी असते, ते वेतनकाळ वर्षात किती, हे आधी तपासावे. समजा, दर तासाला 200 डॉलर आणि हमी 75 तासांची आहे. महिन्याप्रमाणे बारा वेतनकाळ धरले तर वर्षाला 1,80,000 डॉलर होतात. 28 दिवसांचे तेरा धरले तर 1,95,000. दर तोच, तरी फरक 15,000 डॉलरचा! विमानाचा प्रकारही पाहावा: यूपीएसमध्ये सर्व विमानांना एकच दरपत्रक आहे, फेडएक्समध्ये मोठ्या विमानांचा दर वेगळा आहे. कंपनी बदलणारा वैमानिक ज्येष्ठता यादीत पुन्हा तळाशी जातो, म्हणून पहिल्या वर्षाच्या दरापेक्षा पाचव्या आणि दहाव्या वर्षाचा दर शेजारी ठेवावा. फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, कॅप्टन व्हायला साधारण किती काळ लागतो, हेही विचारावे. पेन्शनची कलमे कंटाळवाणी वाटली, तरी ती शेवटपर्यंत वाचलीच पाहिजेत.

ताडताना विश्रांतीचे प्रकरण अजिबात वगळू नये. जानेवारी 2014 पासून लागू झालेले विश्रांतीचे नवे, कडक नियम प्रवासी उड्डाणांसाठी आहेत. मालवाहू कंपन्यांना त्यांतून वगळले आहे, आणि माझ्या मते ते समर्थनीय नाही, कारण मालवाहतुकीचा बराचसा भाग रात्रीच चालतो. परिणामी सलग किती रात्री उडायचे आणि मधे किती तास झोपायला मिळणार, याबाबत कायद्याच्या किमान अटींपलीकडचे संरक्षण इथे बहुतांशी युनियनच्या करारातूनच मिळते. दोन करारांचे पगार सारखे निघाले, तर निवड याच कलमांवर करावी.