फीडर बदलला, कबुतरं गेली

पक्ष्यांना दाणे ठेवायला आधी उघड्या ताटासारखा फीडर आणला होता. दिसायला झकास, पण दोन दिवसांत कबुतरांनी ठाण मांडलं आणि चिमण्या कुंपणावर बसून नुसत्या बघत राहिल्या. त्यात पाऊस आला. तळाला भोकंच नव्हती. दाणे फुगले, काळे पडले, आंबूस वास सुटला. बुरशीचे दाणे पक्ष्यांना बाधतात, म्हणून सगळे फेकले.

मग नळीचा फीडर घेतला. बसायच्या दांड्या जेमतेम दोन पेरांएवढ्या. कबुतर येतं, फडफडतं, घसरतं आणि निघून जातं. (फुकटची करमणूक!) उरली खार. फीडर फांदीवरून काढून झाडापासून 3 मीटर लांब खांबावर लावला आणि त्याखाली पत्र्याचा शंकू बसवला. चार दिवस झटापट करून आता ती खाली सांडलेलं टिपते.

एक चूक मात्र नडली. खांब खिडकीपासून पाच-सहा मीटरवर होता. एक चिमणी काचेवर आदळली. आता तो काचेपासून हातभरच आहे. इतक्या जवळून पक्ष्याला वेगच घेता येत नाही. दर पंधरवड्याला फीडर घासतो, पूर्ण वाळला की मगच भरतो.