प्रश्न काढलात, कारण कुठाय? ॲडमिनांनो, या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शेती-जमिनीच्या प्रश्नोत्तरांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी सांभाळतो. २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, आणि नव्या ॲडमिनांचा अंगठा त्या बटणावरून हलतच नाही. त्यांना सांगून थकलो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात महाग चूक माझीच आहे. ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी लोकांच्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीची तयारी. खानापूरकडच्या एका काकांनी विचारलं, "सातबाऱ्यावर वडिलांच्या जागी माझं नाव कसं चढवायचं?" महाराष्ट्रातल्या चंदगडच्या दोघांनी धडाधड तिकडची रीत सांगितली: तलाठी, फेरफार. काकांची जमीन कर्नाटकात. इथं सातबारा नाही, जमिनीच्या उताऱ्याला पहाणी म्हणतात. वारसाची नोंद म्हणजे पौती खातं आणि अर्ज नाडकचेरीत, म्हणजे इथल्या स्थानिक महसूल कार्यालयात. काका फुकट हेलपाटे घालतील म्हणून मी प्रश्न, उत्तरं सगळं उडवलं आणि खाली लिहिलं, "विषयाबाहेर."

दहा मिनिटांत काका: "मराठीत विचारलं म्हणून काढलासा काय?" रात्रीपर्यंत स्क्रीनशॉट माझ्या मेहुण्याकडे पोचला होता. मी स्वतः घरात-दारात मराठी बोलणारा! पण कारणाची जागा रिकामी सोडली की लोक ती भरतात, आणि आपल्या भागात भरायचा मजकूर १९५६ च्या भाषावार राज्य पुनर्रचनेपासून तयारच आहे.

रात्री काकांना खुलासा लिहायला बसलो. "तुमचा प्रश्न काढला, कारण..." आणि पेन तिथंच अडलं. प्रश्नात काहीच चूक नव्हती. काढायची होती ती उत्तरं. तेव्हापासून माझी सवय अशी: आधी कारण वहीत लिहायचं, मग बटण. कारण एका वाक्यात येत नसेल तर मेसेज राहू दे. वेळ जातो? जाऊ दे. घाई असलेल्यांनी ॲडमिन होऊ नये.

आता मी असं लिहितो: "काका, या प्रश्नाखालची दोन उत्तरं मी काढली, ती महाराष्ट्रातल्या जमिनीची होती. तुमचा तालुका सांगा, इथली रीत सांगणारा माणूस गाठून देतो." काय काढलं, का काढलं, पुढं काय करायचं. "नियमानुसार काढण्यात आले आहे" हे तहसीलच्या नोटिशीचं मराठी. त्यात माणूसच नसतो.

दुसरी माझी चीड: "आधी विचारलंय, शोधा." म्हणजे बसस्टँडवर गाडी लागलीय म्हणायचं आणि फलाट सांगायचा नाही. प्रोग्रामरांच्या स्टॅक ओव्हरफ्लोवर जुनाच प्रश्न पुन्हा आला तर बंद करताना वर मूळ प्रश्नाची लिंक लावतात. आपण निदान जुना मेसेज पुढं ढकलावा. हुमणी किडीचा प्रश्न दर पावसाळ्यात येणारच. विचारणारा दरवेळी नवा असतो.

बाकीचं थोडक्यात. चूक एकाची, खरडपट्टी सगळ्यांसमोर, असं नको. कन्नडमध्ये विचारणाऱ्याला कन्नडमध्येच कारण द्या, मोडकं चालेल. सगळ्यांना एकच तयार मजकूर चिकटवू नका, लोक ओळखतात. रात्री अकरानंतर काहीही काढू नका, शिवीगाळ सोडून.

काकांनी तीन आठवड्यांनी पुन्हा विचारलं. तालुका, गाव, सर्व्हे नंबर सगळं घालून. खाली एक ओळ: "आता काढू नकासा."