नाशकात नवीन आहात? मदतीचा संकल्प वार लावून धरा

खोली मिळाली, गॅस लागला, मुलांचे दाखले शाळेत जमा झाले, म्हणजे निम्मं बस्तान बसलं. उरलेलं निम्मं माणसांत मिसळल्यावर बसतं, आणि त्याचा सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे इथल्या कुणाच्या तरी उपयोगी पडणं. मी अमळनेरकडची. यजमानांच्या अंबड एमआयडीसीतल्या नोकरीमुळे नाशिकच्या सिडको वसाहतीत आले आणि इथलीच झाले. खानदेशातून, वऱ्हाडातून, मराठवाड्यातून नव्याने आलेली मुलं-सुना विचारतात, "काकू, समाजासाठी काहीतरी करायचंय, कुठून सुरुवात करू?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

"यंदा गरजूंना मदत करायची" असा मोघम संकल्प धरू नका. पाडव्याला धरलेला असला संकल्प आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, विरतो. "दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी नऊ ते अकरा, सिव्हिलमध्ये" असा वार, वेळ, जागा लावून धरा. कंपनीत पाळी फिरती असेल तर पाळीचं वेळापत्रक समोर ठेवूनच ठरवा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने आधी झोपावं. आणि मुदत वर्षाची ठेवा, कारण या शहराची गरज ऋतूप्रमाणे बदलते.

सिव्हिलचं नाव मुद्दाम घेतलं. त्र्यंबक नाक्यावरच्या जिल्हा रुग्णालयात पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून आदिवासी कुटुंबं पहाटेची एसटी धरून येतात. बोली वेगळी, कागदांची सवय नाही. केसपेपर कुठे काढायचा, रक्त कुठे द्यायचं, एक्स-रेची खोली कोणती, रिपोर्ट किती वाजता मिळणार, या चार प्रश्नांत त्यांचा दिवस जातो आणि परतीची गाडी चुकते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं. ते घरी राहिलं असेल तर गावात कुणाला तरी फोन लावून फोटो मागवावा लागतो, मग आरोग्यमित्रापर्यंत, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसापर्यंत, त्यांना घेऊन जावं लागतं. यात पैसा लागत नाही, फक्त वाचता येणारा, धीराने बोलणारा माणूस लागतो. मात्र परस्पर वॉर्डात शिरू नका. आधी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, परवानगी घ्या. रुग्णाचे फोटो काढू नका, औषधाबद्दल आपलं मत देऊ नका. मला विचाराल तर नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी. चार महिन्यांत तुम्हाला जिल्हा कळेल.

रक्तदान करणारे पुष्कळ आहेत, पण वाढदिवसाला आणि जयंतीला. खरी चणचण एप्रिल-मेमध्ये, कॉलेजांना सुट्ट्या लागल्यावर. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. तेव्हा तुमचं एक रक्तदान उन्हाळ्यात येईल असा हिशेब आधीच करून ठेवा.

दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामाला जोर येतो. पेठ-सुरगाण्याकडची माणसं टोळ्या करून दिंडोरी-निफाडकडे उतरतात, काही शहरातल्या मजुरांच्या नाक्यांवर उभी राहतात. सोबत मुलं असतात आणि त्यांची शाळा मागे गावात राहते. त्यांना शिकवायचं मनात असेल तर अभ्यासक्रम पुरा करायचा हट्ट सोडा. माल उतरला की कुटुंब परत जाणार. तेवढ्या तीन-चार महिन्यांत मूल अडखळत का होईना, वाचायला लागलं पाहिजे, एवढंच ध्येय ठेवा. आज एक ताई, उद्या दुसरा दादा, असं झालं की मुलं बिथरतात. आठवड्याला एकच दिवस जमणार असेल तर तो एक दिवस तुमचाच असू द्या.

झाडं लावायला जूनमध्ये गर्दी होते. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून लोकसहभागातून देवराई उभी राहिली आहे, ती एकदा जाऊन बघा आणि तिथे पाणी, आळी, गवत यांवर किती मेहनत लागते तेही बघा. आपल्या कॉलनीतल्या पाच झाडांना फेब्रुवारी ते मे पाणी घालणारा माणूस मला जूनमधल्या पन्नास जणांपेक्षा मोलाचा वाटतो.

गणपती विसर्जनाला गोदाघाटावर मूर्ती आणि निर्माल्य गोळा करायला उभे राहाल, तेव्हा कुणाशी वाद घालू नका. "आरती झाली का?" असं विचारा, हात जोडा, मूर्ती दोन्ही हातांनी घ्या. श्रद्धा दुखावली की माणूस पुढच्या वर्षी तुमच्याकडे येत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव दुतोंड्या मारुतीकडे बघतं, पाणी कुठवर चढलं ते त्यावरून कळतं. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुराने काठावरच्या दुकानदारांचे हाल केले होते. अशा वेळी पुलावर बघ्यांत उभं राहण्यापेक्षा ओळखीच्या दुकानात माल वर चढवायला जा.

२०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी सेवा करायची अनेकांची इच्छा आहे. मग आत्तापासून प्रथमोपचार शिका आणि नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी, तपोवन, रामकुंड हे रस्ते पायी पाठ करा. गर्दीत लोकांना आधी रस्ता सांगणारा माणूस लागतो.

बसल्या जागी करण्यासारखंही आहे. सातपूरला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) या संस्थेचं अंध व्यक्तींसाठी मोठं काम आहे, वाचून दाखवणारे तिथे विचारू शकतात. दहावी-बारावीच्या परीक्षेत अंध मुलांना लेखनिक लागतो, तो खालच्या वर्गातला विद्यार्थी असावा लागतो. म्हणजे तुमची आठवी-नववीतली मुलगी जे करू शकते ते तुम्ही करू शकत नाही. तिला पाठवा.

एक गोष्ट मनापासून सांगते. श्रावणात सिडकोत कानबाई, ही आमची खानदेशची देवी, बसते, आपली माणसं भेटतात, जीव सुखावतो. तिथे राबाच, मीही राबते. पण वर्षातलं निदान एक काम असं धरा, ज्यात तुमच्या गावचं, जातीचं, बोलीचं कुणी नसेल. याच शहरात १९३०च्या २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दारं उघडावीत म्हणून माणसं वर्षानुवर्षं उभी राहिली. आपण तर फक्त शनिवारचे दोन तास देतोय.

बदली होईल, पाळी बदलेल, बाळ होईल, मग हे सेवेचं काम सुटेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फक्त महिनाभर आधी सांगा, आणि तुमच्या जागी येणाऱ्याला एकदोनदा सोबत नेऊन खिडक्या, वेळा, माणसं दाखवून द्या.