ग्रेट लेक्स आणि बैकल: तुलना करायचीय तर आधी ग्राफ पेपर काढा

दोन मोठ्या नदी-सरोवर व्यवस्थांची तुलना म्हटलं की सगळे आधी नकाशावरचा निळा रंग बघतात आणि तिथेच फसतात. उत्तर अमेरिकेतल्या पाच ग्रेट लेक्सचा पसारा सुमारे २,४४,००० चौरस किमी आणि सायबेरियातलं बैकल जेमतेम ३१,५००, बारीकशी चंद्रकोर दिसते. पण पाणी मोजा. पाचही मिळून २२,७०० घन किमीच्या आसपास, आणि एकट्या बैकलमध्ये साधारण २३,६००! एकटं पाचांना पुरून उरतं.

म्हणून नकाशा बाजूला ठेवा आणि ग्राफ पेपर घ्या. मधे आडवी रेघ मारा, ती समुद्रसपाटी, १ सेमी म्हणजे १०० मीटर. बैकलचं पाणी ४५६ मीटरवर, म्हणजे रेघेच्या वर साडेचार सेमी, आणि खोली १,६४२ मीटर, त्यामुळे पेन्सिल रेघ ओलांडून खाली जवळपास बारा सेमी जाते. ग्रेट लेक्समधल्या सुपिरियरचं पाणी १८३ वर, खोली ४०६, म्हणजे तळ रेघेखाली सव्वादोन सेमी. ईरीला मात्र नीट बघा हं, पाणी १७४ वर, खोली फक्त ६४, म्हणजे तळ ११० मीटरवर, आणि शेजारच्या ऑन्टारियोचं पाणीच मुळी ७५ वर. ईरीचा तळसुद्धा ऑन्टारियोच्या पाण्यापेक्षा उंच! मधे नायगारा धबधबा का आहे हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मला तरी हे चित्र काढल्यावरच खरं कळलं.

आता कारण शोधा. ग्रेट लेक्स बर्फाच्या थरांनी खरवडून काढली, आत्ताचं रूप काही हजार वर्षांचंच. बैकल खचदरीत, म्हणजे जमीन ताणली जाऊन खचल्याने झालेल्या दरीत आहे, वय अंदाजे अडीच कोटी वर्षं, आणि ती दरी अजूनही रुंदावतेय.

मग पाणी कुठून बाहेर पडतं ते बघा, इथे बरेच जण घोळ घालतात. बैकलला ३०० हून जास्त नद्या-ओढे मिळतात पण बाहेर पडते एकटी अंगारा, ती येनिसे नदीला मिळते आणि येनिसे उत्तरेच्या कारा समुद्राला. पण येनिसेचं बरंचसं खोरं बैकलच्या बाहेरचं आहे, त्यामुळे येनिसेच्या मुखाशी मोजलेलं पाणी बैकलच्या नावावर टाकू नका, दोन्हीकडे सरोवरातून नदी निघते तिथेच मोजा. ग्रेट लेक्सचं पाणी समुद्राकडे नेणाऱ्या सेंट लॉरेन्स नदीच्या मागे ही पाच सरोवरं म्हणजे पाच टाक्याच आहेत, म्हणून तिचा प्रवाह बऱ्यापैकी एकसारखा राहतो, उलट येनिसे उत्तरेकडे वाहते, दक्षिणेला उगमाकडे बर्फ आधी वितळतो आणि मुखाशी अजून गोठलेलंच असतं, मग पाणी तुंबून पूर येतो.

शेवटी सरोवरातल्या पाण्याला वर्षाला बाहेर जाणाऱ्या पाण्याने भागा, म्हणजे सगळं पाणी बदलायला किती वर्षं लागतील ते कळतं. ईरीला अडीचेक वर्षं, सुपिरियरला १९० च्या आसपास, बैकलला तीनशेहून जास्त. हे आकडे चित्रात त्या-त्या सरोवराच्या पोटातच लिहा, कुठे घाण पडली तर ती किती काळ राहील ते तिथेच दिसतं.