शेंगदाणे खा, पण कशाच्या बदल्यात ते आधी ठरवा

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढलेलं दिसलं की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड शेंगदाण्यावर पडते आणि शेवभाजीची तर्री मात्र सुटते. खरं तर शेंगदाणे, बदाम, अक्रोड यांत कोलेस्टेरॉल नसतंच. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ४९ ग्रॅम स्निग्धांश असतो, पण त्यातला बहुतेक असंपृक्त, म्हणजे तेलासारखा पातळ राहणारा. संपृक्त, म्हणजे तुपासारखी गोठणारी, चरबी जास्त झाली की रक्तातलं एलडीएल उचलण्याचं यकृताचं काम मंदावतं. तिच्या जागी असंपृक्त आली की ते सुधारतं.

म्हणून आधी काय कमी करायचं ते ठरवा. सुकं खोबरं शेंगदाण्याच्या पंगतीत बसवू नका. त्याची चरबी जवळजवळ सगळी संपृक्त. काळ्या मसाल्याच्या वाटणात खोबरं निम्मं करा, उरलेल्या जागी भाजलेल्या दाण्यांचा कूट घाला. रस्सा तसाच दाट होतो. चव थोडी बदलते, हे मान्य.

मग माप. दिवसाला ३० ग्रॅम पुरे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजून वाटी ठरवून ठेवा, कारण गप्पा मारत फोडलेल्या शेंगांना हिशेब नसतो आणि एवढ्या दाण्यांतही १७० कॅलरी असतात. स्पेनमधल्या 'प्रेडिमेड' अभ्यासातही रोज ३० ग्रॅमच सुकामेवा दिला होता, भूमध्यसागरी आहारासोबत. त्या गटात हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण कमी आढळलं.

भरीत करताना दाणे तेलात तळायची आपली रीत. त्याऐवजी ते तव्यावर मंद आचेवर, साल तडकेपर्यंत कोरडे भाजा आणि हिरव्या मिरची-लसणासोबत शेवटी भरतात मिसळा. कळण्याच्या भाकरीबरोबर तेलाची उणीव भासत नाही. खारे दाणे रक्तदाब असणाऱ्यांनी टाळावेत. काळपट, बुरशी आलेला किंवा कडू लागणारा दाणा सरळ फेकून द्या, त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

अक्रोड परवडत असेल तर अधूनमधून खा, त्यात वनस्पतिजन्य ओमेगा-३ असतं. नाही परवडला तरी अडत नाही.

दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, पुन्हा करा. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका: सुकामेव्याने एलडीएल काही टक्क्यांनीच उतरतं, गोळीने बहुधा ३० टक्के किंवा त्याहून जास्त.